पानवलच्या पुलावरून

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण कोकण रेल्वेतून गेला आहात? गेला असाल तर बोगदा आला की "ओऽऽ" करून ओरडलाही असाल. आमच्या वर्गानेही तेच केलं! पण त्या दिवशी आम्ही नुसतं ओरडायला नव्हतो गेलो. आम्ही गेलो होतो इंजिनियर काय काम करतो ते बघायला.

त्याचं असं झालं. "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं की वर्गातले निम्मे हात 'इंजिनियर' म्हणून वर होतात. मी विचारलं, "अरे, पण इंजिनियर करतो काय?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "बाई, हेल्मेट घालतो." मग ठरवलंच, सहल काढायची. संगमेश्वर ते निवसर, पॅसेंजरने.

उक्षी स्टेशन गेलं आणि डब्यात काळोख झाला. हा करबुड्याचा बोगदा. लांबी साडेसहा किलोमीटर. गाडी मिनिटाला एक किलोमीटर धावली तरी साडेसहा मिनिटं उजेड नाही! पहिल्या मिनिटाला आरडाओरडा, तिसऱ्या मिनिटाला कुजबुज आणि पाचव्या मिनिटाला अगदी चिडीचूप.

बोगदा सहसा दोन्ही टोकांकडून खोदत आणतात. डोंगराच्या पोटात दोन्ही तुकड्या एकमेकींना भेटायला हव्यात. त्या भेटल्याच नाहीत तर? आता गणित करू. समजा, एका बाजूने सव्वातीन किलोमीटर खोदलं आणि दिशा फक्त एका अंशाने चुकली. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावरची एकच बारीक रेघ हो! तर शेवटी बोगदा जवळजवळ ५७ मीटर बाजूला जाईल. म्हणून सुरुंग लावण्याआधी आणि लावल्यानंतरही पुन्हा पुन्हा मोजमाप घ्यावं लागतं. इंजिनियरचं निम्मं काम म्हणजे हे मोजणं.

रत्नागिरी मागे पडलं आणि पानवलचा पूल आला. खिडकीतून खाली बघितलं तर पोटात गोळाच आला. हा पूल ४२४ मीटर लांब आहे, आणि त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटर! आपले तीन माड एकावर एक उभे केले तरी जेमतेम तेवढी उंची होईल.

एवढ्या खोल दरीत खालून टेकू देऊन वरचा पूल बांधायचा कसा? तर तो तिथे बांधलाच नाही. काठावर पुलाचा एकेक तुकडा काँक्रीटने ओतला, मागचा तुकडा पुढच्याला जोडला आणि मोठ्या जॅकने सगळा पूल हळूहळू दरीवर ढकलला. या पद्धतीने बांधलेला हा भारतातला पहिला पूल.

घरी एक प्रयोग करा. पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवत न्या. निम्म्याहून जास्त बाहेर गेली की पडते ना? आता मागच्या टोकावर खोडरबर ठेवा. पट्टी आणखी पुढे जाते. पुलाचंही तसंच. मागे नवे जड तुकडे जोडत जायचे आणि पुढच्या टोकाला वजनाला हलकं असं पोलादी नाक लावायचं. ते नाक आधी पुढच्या खांबावर टेकतं, मग मागून पूल येतो.

निवसरला उतरून डबे उघडले. तेव्हा चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, इंजिनियरचं चुकलं तर?" त्याचे बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन रुळांवर गस्त घालतात. त्याने विचारल्यावर मला घास गिळवेना. पण खोटं कशाला सांगायचं?

मी सांगितलं, "चुकतं रे. कधी हिशोब चुकतो, कधी डोंगर हिशोबापलीकडे वागतो." रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग १९९८ साली पूर्ण सुरू झाला. ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल बांधून झाले. वाटलं, काम संपलं. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली, गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. मग इंजिनियर पुन्हा त्याच डोंगरांकडे आले. उभे कडे तासून उतरते केले, दगड अडवायला पोलादी जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला, गस्त वाढवली.

"म्हणजे बाबा इंजिनियरला मदत करतात?" त्याने विचारलं.

"मदत? अरे, डोंगर काय करतोय ते आधी तुझ्या बाबांना दिसतं. त्यांनी कळवलं तर इंजिनियरला कळणार!"

तो काही बोलला नाही. पण येताना पूल आला तेव्हा इतरांना ढकलून खिडकीशी तोच उभा होता आणि "मोजा रे खांब, मोजा!" म्हणून सगळ्यांना दटावत होता.

तर मित्रांनो, इंजिनियर व्हायचं असेल तर आजपासून मोजायला शिका. आणि एक करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेची गाडी हळू धावली तर कंटाळू नका. बाहेर कुणीतरी भिजत तुमच्यासाठी रूळ तपासत असेल. दिसला तर हात करा.