अब्बांची पेटी

दारव्ह्याच्या आमच्या घरात अब्बांच्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी होती. शेताचा सातबारा, अम्मी-अब्बांचा निकाहनामा, आम्हां चौघा भावंडांचे शाळेचे दाखले, कापूस विकल्याच्या पावत्या, सारं त्यात. शिक्षण-नोकरीपायी आम्ही पुण्या-नागपूरला पांगलो. एखाद्या कागदासाठी कुणाला तरी गावी यावं लागे. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा मोतीबाग स्टेशनावरून मूर्तिजापूर गाठायचं आणि पुढे मोठी गाडी, नंतर एसटीच.

२०१९च्या ईदला धाकट्याने पेटीतला एकेक कागद मोबाइलने टिपून क्लाऊडवर चढवला. हा 'ढग' म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीत रात्रंदिवस चालणारे संगणक. अब्बांना ते पटलं, पण एका अटीवर : ''शेत माझ्या नावावर, तर ही पेटीही माझ्याच नावावर.'' खातं त्यांच्या मोबाइल क्रमांकावर उघडलं.

२०२०च्या टाळेबंदीत एसटी बंद होती, तरी भाचीच्या प्रवेशाचे कागद दोन मिनिटांत पुण्यात पोचले. मग अब्बांनाच नाद लागला. नातवंडांसाठी ते जुन्या आठवणी मोबाइलमध्ये बोलून ठेवू लागले. ते आवाजही आपोआप वर जात.

२०२३मध्ये अब्बा गेले. त्यांच्या सिमवर पैसे भरायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढे त्यांचा मोबाइल पडून फुटला. नव्या मोबाइलवर खातं उघडायला गेलो. पासवर्ड आम्हांला पाठ होता, पण ओटीपी अब्बांच्या क्रमांकावर जात होता. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, हे आम्हांला तेव्हा कळलं.

आम्ही त्या क्रमांकावर फोन लावला. अब्बांच्या जागी एक अनोळखी आवाज 'हॅलो' म्हणाला. ओटीपी कुणाला सांगू नका, असं साऱ्या गावाला बजावणारे आम्ही त्या माणसाकडे ओटीपी मागत होतो. त्याने दिला नाही. बरोबरच केलं त्याने. पण आमच्या पेटीची किल्ली आता त्याच्या खिशात होती, या विचाराने त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. माणूस भला निघाला. तसा नसता तर?

कागदांचं नुकसान झालं नाही. अम्मीने कुणाचं न ऐकता पेटी जपली होती. डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून ऑनलाइन मिळतोच. गुणपत्रिकाही डिजिलॉकरवर सापडतात. अब्बांचा आवाज मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो एकाच ठिकाणी होता, आणि ते दार आम्हांला उघडत नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन इथल्या सरकारी माहिती-केंद्राला आग लागली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची दुसरी प्रत नव्हती. एवढ्या पुढारलेल्या देशाची ही गत, तर आमची काय कथा!

क्लाऊड आम्ही सोडला नाही. त्याच्यावाचून आता चालतही नाही. पण खात्याला दोघा भावंडांचे क्रमांक जोडले. ओटीपी न आल्यास वापरायचे राखीव संकेतांक वहीत लिहिले. सगळ्याची एक प्रत हार्डडिस्कवर काढून ती अम्मीकडे दिली. अम्मीने ती रुमालात बांधली आणि पेटीत, निकाहनाम्याशेजारी ठेवली.