सौदीला की दुबईला?

आमच्या माहेरच्या घरात बाबांसमोर ‘सिस्टिम’ हा शब्द काढायचा नाही, असा न सांगता पाळला जाणारा नियम होता.

बाबा पुण्यातल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात होते. एकतीस वर्षे त्यांनी कोटेशने तयार केली. गिऱ्हाइकाचे पत्र आले की पाणी किती, चढवायचे किती उंच, वीज कुठली, एवढे पाहून ते पंप, मोटर, कपलिंग असे सगळे जुळवायचे आणि कार्बन घालून टाइप करायला द्यायचे. २००३ मध्ये तिथे नवी सिस्टिम आली आणि बाबांसह तिघांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले गेले. नोकरी गेल्याचे त्यांनी फारसे मनाला लावून घेतले नाही. “पण एकानेही येऊन विचारलं नाही, की तुम्ही हे ठरवता कसं?” हे मात्र ते वर्षानुवर्षे बोलत राहिले.

आणि माझी धाकटी बहीण शिकूनसवरून नेमकी याच कामात पडली! तिची हिंजवडीची कंपनी परदेशी कारखान्यांच्या विक्री विभागांना सॉफ्टवेअर बसवून देते. विक्रेत्याने गिऱ्हाइकाची गरज भरली की कोणत्या पंपाला कोणती मोटर चालेल, किंमत किती, सूट किती, त्या देशाचा कर किती, हे जुळून कोटेशन निघते आणि त्यावरूनच पुढे बिल. बाबा तिची तब्येत विचारत, रजा विचारत. कामाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

२०२० च्या होळीला मी मुलाला घेऊन दिल्लीहून पुण्याला आले आणि टाळेबंदीत तिथेच अडकले. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझे लेख, दुसऱ्या टोकाला कानाला हेडफोन लावून जर्मनीशी बोलणारी धाकटी आणि मध्ये आईची भाजी निवडण्याची परात. घर लहान, त्यामुळे एकमेकींचे काम कानावर पडायचेच.

तिच्याकडे तेव्हा युरोपातल्या एका पंप कारखान्याचे काम होते. मे महिन्यात सौदी अरेबियाने जाहीर केले, की १ जुलैपासून व्हॅट ५ टक्क्यांवरून १५ टक्के होणार. जूनच्या सुरुवातीला जर्मनीने ठरवले, की त्याच १ जुलैपासून तिथला व्हॅट १९ वरून १६ टक्के, तोही फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे एकाच तारखेला एक दर वर जाणार, दुसरा खाली येणार! मला वाटले, आकडा बदलला की झाले. धाकटी हसली. “ताई, ऑर्डर जूनमधली आणि माल जुलैत पोचला, तर दर कुठला? मेमध्ये घेतलेला पंप ऑगस्टमध्ये परत आला, तर किती टक्क्यांनी पैसे परत करायचे? आणि ज्याने आधी हे बसवलं, त्याने १९ हा आकडा कुठे कुठे लिहून ठेवलाय, ते आधी शोधायचं.”

तिच्या गटातल्या दोघांना त्याच महिन्यात घरी बसवले होते. सौदीचे कोष्टक ‘तपासले, बरोबर आहे’ म्हणून तिच्या सहीने पुढे गेले होते. तिची झोप उडाली होती, हे आम्हाला दिसत होते.

पत्रकारितेच्या पदविकेने लावलेली सवय म्हणून मी या सॉफ्टवेअरचे मूळ शोधत बसले. अमेरिकेतली डिजिटल इक्विपमेंट ही संगणक कंपनी आपला व्हॅक्स संगणक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सुटे भाग जुळवून विकत असे. एखादी केबल राहून जायची, एखादा भाग कपाटात मावायचा नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन मॅकडरमट यांनी १९७८ पासून यावर ‘एक्सकॉन’ नावाचा प्रोग्रॅम रचला आणि १९८० मध्ये तो कामाला लागला. सुरुवातीला त्यात साडेसातशेच्या आसपास नियम होते, पुढे ते दहा हजारांवर गेले. हे नियम आले कुठून, तर कंपनीत वर्षानुवर्षे ऑर्डरी तपासणाऱ्या माणसांना विचारून! मी हे रात्री जेवताना वाचून दाखवले. बाबा भाताचा घास तसाच धरून म्हणाले, “त्यांनी निदान विचारलं तरी.” धाकटीने मान वर केली नाही.

२७ जूनच्या दुपारी ती चाचणीची ऑर्डर मोठ्याने वाचत होती. “सौदी. पंप अमुक. मोटर चार पोल, चौदाशे पन्नास फेरे. कर पंधरा टक्के. बरोबर.”

झोपाळ्यावरून आवाज आला, “सौदीला की दुबईला?”

“सौदीला, बाबा. का?”

“मग चौदाशे पन्नास कसे? दुबईची वीज पन्नास हर्ट्झची, आपल्यासारखी. सौदीची साठ. तिथे तीच मोटर साडेसतराशेच्या आसपास फिरेल. वेग सव्वापटीच्या जरा आत, पण पंपाला ताकद लागेल जवळजवळ पावणेदोन पट. मोटर जळेल गं.”

धाकटीने कोष्टक उघडले. आखाती देश म्हणून सगळे एकाच गटात टाकलेले होते, सौदीसुद्धा. सगळे जण कराच्या मागे लागले होते. मोटरचा नियम कोणी पाहिलाच नव्हता. ती घाबरून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग विचारले, “तुम्हाला कसं माहीत?”

“दम्मामला माझ्याच हातून असे पंप गेले होते. मोटरी जळून परत आल्या. तुमच्या आईलाही सांगितलं नाही कधी.”

आईने परातीतून मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. काही बोलली नाही.

धाकटीच्या साहेबांचे म्हणणे, तीन दिवस उरलेत, आता नवा नियम नको. पण तिने स्वतःची चूक लिहून कळवली आणि रात्री त्याला होकार मिळवला. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाची दोनशे पानी वही घेऊन ती झोपाळ्यापाशी जाऊन बसली. “बाबा, तुम्ही हे ठरवता कसं? पहिल्यापासून सांगा.” बाबांनी चष्मा पुसला, खाकरले, आणि बोलू लागले ते दिवेलागणीपर्यंत. समुद्राचे पाणी असेल तर कुठला धातू, गरम हवेत मोटर एक माप मोठी का, सूट कुणाला द्यायची नाही. यातले निम्मे तिच्या उपयोगाचे नव्हते. तिने तेही लिहून घेतले.

रियाधला मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे अडीच वाजलेले असतात, जर्मनीत होते तेव्हा साडेतीन. ३० जूनच्या रात्री सगळे घर जागे होते. सौदीचे पहिले बिल नीट निघाले, पंधरा टक्क्यांनी आणि साठ हर्ट्झच्या मोटरसह. जर्मनीच्या एका बिलावर जुने १९ निघाले. ते सापडून दुरुस्त होईपर्यंत उजाडले. आईने तीनदा चहा केला.

कंपनीच्या कौतुकाच्या पत्रात अकरा नावे होती. बाबांनी ते दोनदा वाचले आणि घडी करून त्या वहीत ठेवले. मग म्हणाले, “डिसेंबरअखेर जर्मनी परत एकोणीसवर जाणार ना? तेव्हा गजर साडेचारचा लाव. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासाने मागे असतात.”