१७ मिनिटांचा पाऊस



शिकागोत मळभ दाटलंय. सूर्यास्त साडेचारलाच, म्हणून जेवणं चारलाच उरकली. निवडणुकीवरून जिवलग मैत्रिणीशी भांडले, आता अबोला.

२ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री लेकासोबत बेसबॉलचा अंतिम सामना पाहिला. आमच्या कब्सनी तब्बल १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. जपमाळेचे मणी जेवढे, तेवढी वर्षं! हातातली आघाडी गेली, बरोबरी झाली, तेवढ्यात पाऊस आला. खेळ १७ मिनिटं थांबला. खेळाडू एकत्र बसले, सावरले आणि दहाव्या डावात जिंकले.

मला तेवढंही थांबता आलं नाही. क्षमावाणीला जिची क्षमा मागितली, तिलाच दोन महिन्यांत टाकून बोलले.

ओटा आवरून फोन करते. मतदानाचं नाही काढणार. जेवलीस का, एवढंच विचारीन.