फळ्यांखालचा आवाज

उपवासकाळ आला की प्रवचनकारांना एका अमेरिकन कथेचा मोठा आधार वाटतो. एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' ही ती कथा. १८४३ साली ती प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून भयकथांच्या प्रत्येक संग्रहात मानाने बसली. पाप कितीही खोल पुरले तरी सदसद्विवेकबुद्धी त्याला वाचा फोडते, एवढे तात्पर्य काढून प्रवचनकार पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आम्हांस हे तात्पर्य अपुरे वाटते. ती कथा शांतपणे वाचली, तर ती याहून अवघड असे काही सांगते असे आमचे मत आहे.

कथा अवघी चार-पाच पानांची. एका घरात एक वृद्ध राहतो आणि त्याच्याबरोबर कथा सांगणारा तो निनावी मनुष्य. वृद्धावर आपले प्रेम होते, त्याने आपले कधी वाईट केले नाही, त्याच्या धनाचीही आपल्याला हाव नव्हती, असे हा मनुष्य स्वतःच सांगतो. त्याला सहन होत नाही तो फक्त वृद्धाचा एक डोळा. फिकट निळा, पडदा आलेला, गिधाडाच्या डोळ्यासारखा. सात रात्री तो मध्यरात्री कंदील झाकून वृद्धाच्या खोलीत डोकावतो. सातही रात्री डोळा मिटलेला असतो, म्हणून हात उचलला जात नाही. आठव्या रात्री वृद्ध जागा होतो, कंदिलाची फट किंचित उघडते आणि प्रकाशाची बारीक तिरीप नेमकी त्या उघड्या डोळ्यावर पडते. खून होतो. प्रेताचे तुकडे जमिनीच्या फळ्यांखाली दडवले जातात. पहाटे चार वाजता तीन पोलीस येतात, तेव्हा हा मनुष्य त्याच फळ्यांवर खुर्ची टाकून त्यांच्याशी गप्पा मारत बसतो. मग त्याला खालून ठोके ऐकू येऊ लागतात. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखे, आधी मंद, मग असह्य. अखेर तो स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो.

आगाशीत आणि आसपास जुनी लाकडी माळ्यांची घरे अद्याप काही उरली आहेत. अशा घरात जे निजले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको की, रात्री फळीवरून उंदीर पळाला तरी घरभर ऐकू येते. पो यांनी जागा अचूक निवडली.

परंतु ठोके कोणाचे होते? मेलेल्याचे हृदय धडधडत नाही. पोलिसांना काही ऐकू आलेले नसते. बहुतेक वाचक म्हणतात की ते त्याच्याच छातीतले होते, आणि ते खरेही असावे. आम्हांस त्या डोळ्याचे महत्त्व अधिक वाटते. या मनुष्याला कोणी आपल्याकडे पाहिलेले चालत नाही. म्हणून त्याचा कंदीलही झाकलेला. स्वतः दिसू नये, पण दुसरा दिसावा असा. कथेतील सर्वांत भयंकर जागाही खुनाची नव्हे. त्याच्या थोडी आधी वृद्ध अंथरुणात उठून बसतो आणि भीतीने कण्हतो. खुनी म्हणतो की, हा कण्ह आपल्याला ओळखीचा आहे. कित्येक मध्यरात्री तो आपल्याच छातीतून निघाला आहे. त्याला वृद्धाची कीवही येते. आणि तरीही तो मनातल्या मनात हसतो. दुसऱ्याचे दुःख आपलेच आहे हे ओळखून एक पाऊल मागे घेण्याची ती वेळ होती. स्वर्गातले, पृथ्वीवरचे, नरकातलेही ऐकू येते असे सांगणाऱ्या माणसाला शेजारच्या बिछान्यावरचा कण्ह ऐकू येऊनही पोहोचला नाही.

म्हणून अखेरच्या त्या कबुलीला पश्चात्ताप म्हणण्यास आम्ही तयार नाही. तो वृद्धाबद्दल हळहळत नाही, क्षमा मागत नाही. उलट पोलिसांनाच दुष्ट म्हणतो. त्याला हवा असतो तो फक्त आवाज थांबायला. यहूदाची गोष्ट येथे आठवते. त्यानेही कबुली दिली, चांदीची तीस नाणी परत नेली, निरपराध्याचा घात केला हे स्पष्ट शब्दांत सांगितले. पण सांगितले कोणाला? ज्यांनी खांदे उडवून 'त्याचे आम्हांला काय' अशा अर्थाचे उत्तर दिले, त्या मुख्य याजकांना. पेत्राचे तसे झाले नाही. कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, असे संत लूक नमूद करतो. आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. एकाला डोळा सहन झाला नाही म्हणून त्याने तो विझवला, दुसऱ्याला त्या डोळ्याने रडवले.

कथा अमेरिकेतली खरी, पण आमच्या पिढीच्या लहानपणी तिच्याहून काळी कथा पुण्यात घडली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कलाशिक्षण घेणाऱ्या काही तरुणांनी दहा जीव घेतले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून महाराष्ट्र ते प्रकरण ओळखतो. पहिला बळी त्यांच्या ओळखीचा एक तरुण होता. त्याचे प्रेत लोखंडी पिंपात घालून त्यांनी पेशवे उद्यानाच्या तळ्यात बुडवले. त्यानंतर चौदा महिने ही मुले त्याच शहरात वावरली. त्या पिंपातून त्यांना एकही ठोका ऐकू आला नाही! सदसद्विवेकबुद्धी आपोआप वाजणारे घड्याळ आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शेवटच्या बळीचे प्रेत शिडीला बांधून नदीत टाकले होते. ते पाण्याने वर आणून दिले आणि तपासाची दिशा फिरली. टोळीतला एक जण माफीचा साक्षीदार झाला. हा शब्द आम्हांस नेहमी विचारात पाडतो. कायद्याची ती माफी सौद्याची असते. साक्ष द्या, शिक्षा टाळा. कायद्याला तिची गरज आहे, आमची तक्रार नाही. पण ती घेण्यासाठी पश्चात्ताप व्हावाच लागतो असे नाही.

चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्यांतील मुनव्वर शाह याने तुरुंगात आपले आत्मकथन लिहिले. त्याचे नाव 'येस, आय ॲम गिल्टी'. पो यांचा निनावी मनुष्य पहिल्या ओळीपासून आपण वेडे नाही हे पटवण्याच्या मागे लागतो. येरवड्यातल्या कैद्याने पहिला शब्द 'होय' लिहिला. त्याच्या अंतःकरणात काय होते हे देव जाणे. तथापि या दोन आरंभांतले अंतर आम्हांस मोठे वाटते.

आता तिसरा प्रकार. आमच्या धर्मग्रामात याच प्रकाराची माणसे अधिक भेटतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी प्रवचन करीत नाही. ज्यांनी काहीही पुरलेले नाही, तरी ज्यांना फळ्यांखालून आवाज येतो, ती ही माणसे. एका मध्यमवयीन गृहस्थांना रात्री रहाटाची करकर ऐकू येई. त्यांच्या वाडीतला रहाट मोडून कित्येक वर्षे झाली होती, विहिरीवर पंप होता. हे त्यांनी आम्हांस पापनिवेदनात नव्हे, त्या पंपाच्या कट्ट्यावर बसून सांगितले, आणि येथे लिहिण्यास त्यांची संमती आहे. ते नऊ वर्षांचे असताना आई केळीच्या बागेत गेली होती, धाकट्या भावावर लक्ष ठेवण्याचे काम यांच्याकडे होते, आणि भाऊ विहिरीत पडला. घरातल्या कोणी बाहेरची बाधा म्हटले, कोणी नवस बोलले, कोणी म्हणाले की काहीतरी लपवले असेल, फादरकडे जाऊन मोकळे होऊ दे.

नऊ वर्षांच्या मुलाचे ते पाप नव्हते. नसलेल्या पापाची क्षमा पुन्हापुन्हा दिली तर आजार बळावतो, हे संत इग्नातियस लोयोला यांच्या चरित्रातून प्रत्येक सेमिनेरियन शिकतो. १५२२ साली मानरेसा येथे जुन्या पापांच्या शंकांनी त्यांना इतके छळले की, जीव देण्याचा विचार मनात येऊ लागला. १९९२ च्या कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे की, भय आणि मानसिक कारणे यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होते किंवा नाहीशीही होते. आम्ही त्या गृहस्थांना त्यांच्या थोरल्या भावासोबत मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषधे सुरू झाली. बरे वाटू लागताच ती बंद करण्याचा सल्ला देणारे शेजारीही भेटले. त्यांच्याशी आम्हांस थोडे कठोर बोलावे लागले.

काही महिन्यांनी करकर थांबली. तेव्हा ते पुन्हा आले आणि म्हणाले, "फादर, आवाज होता तेव्हा मला विहीरच दिसायची. आता तो दिसतो. त्याच्या शर्टाला दोनच बटणे होती." मग ते बराच वेळ रडले. आम्ही काही बोललो नाही. त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या मिस्सेसाठी आलेल्या नावांच्या यादीत, त्यांच्या हातचे एक नाव प्रथमच होते.