शेवटचा अर्धा तास

मासळी ताटकळत ठेवायची नसते, हे मी मालवणात आईच्या चुलीजवळ शिकले. मसाल्याला कढ आला की बांगड्याचे तुकडे सोडायचे, वर ठेचलेली तिरफळं आणि कोकमं, दोन उकळ्या, की भांडं खाली. त्यामुळे नाताळच्या आदल्या रात्री ‘स्लो कुकर’मध्ये चोपीनो करतात असं इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला आल्यावर ऐकलं, तेव्हा मला ते मासळीचा अपमान करण्यासारखं वाटलं. जिनोव्हाकडच्या इटालियन कोळ्यांनी या शहरात रुजवलेला तो टोमॅटोचा रस्सा, आणि तो दहा तास?

मी फार्मसीत काम करते. डिसेंबरात तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. एका वर्षी 24 तारखेला संध्याकाळी सहापर्यंत ड्यूटी लागली, म्हणून नाइलाजाने सकाळीच सगळं कुकरमध्ये भरून निघाले. रात्री झाकण उघडलं तर कोळंबी चिवट, कॉडचा भुगा, तिसऱ्यांचं मांस आक्रसून वाटाण्याएवढं. माझंच खरं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मुलांनी रस्सा मात्र पाव बुडवून बुडवून संपवला होता. त्याचा अर्थ लावायला मला पुढचं वर्ष लागलं.

हे यंत्र मुळात माशासाठी नव्हतंच. अर्विंग नॅक्सन यांना ते सुचलं आईच्या तोंडून ऐकलेल्या चोलंटवरून. लिथुआनियातल्या ज्यूंचं हे घेवड्याचं नि मांसाचं कालवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी भट्टीत ठेवायचं, कारण शब्बाथला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. नॅक्सन यांना 1940 मध्ये पेटंट मिळालं. ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते 1971 मध्ये बाजारात आलं. मटणातले चिवट धागे विरघळायला तास लागतात. माशात ते इतके नाजूक असतात की 63 अंशांना मासा खाण्याजोगा होतो, आणि त्यापुढे नुसतं पाणी सोडत कोरडा पडतो. पण कांदा, लसूण, बडीशेपेचा कंद, टोमॅटो, वाइन यांना वेळ हवाच असतो. तो वेळ माझ्याजवळ नव्हता, कुकरजवळ होता.

आता सकाळी फक्त रस्सा लावते. गोठलेली कोळंबी आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये खाली काढून ठेवते. तशीच टाकली तर मंद आचेवर ती धोकादायक कोमटपणात फार वेळ राहते. संध्याकाळी पाच वाजता थोरला मुलगा बटण ‘हाय’वर नेतो. मी आले की आधी तिसऱ्या, दहा मिनिटांनी कॉड, अगदी शेवटी कोळंबी. मध्ये उगाच झाकण उघडायचं नाही, वाफ गेली की आच पडते. न उघडलेली तिसरी फेकून द्यायची. डंजनेस खेकडा मिळाला तर उत्तम, पण सापळ्यांच्या दोरांत हंपबॅक देवमासे अडकू नयेत म्हणून अलीकडे बरीच वर्षं हंगाम नाताळनंतरच उघडतो. तेवढं थांबणं मला मान्य आहे.

गेल्या नाताळात आईला व्हिडिओवर कुकर दाखवला.

“माशाक इतको येळ?”

“मासो आत्ता टाकतंय, आई.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग विचारलं, “तिरफळां घातलंस?”

घातली नव्हती. चोपीनोत ती शोभत नाहीत, असं मला अजूनही वाटतं.