तेरचा हुरडा

इ. स. १९८४ च्या नाताळाची सुटी. धाराशिवास, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादेस, मी नुकताच शिक्षक म्हणून आलों होतों. भातखाऊ कोंकण्यास तो परमुलूखच! राजीनाम्याचा कागद लिहून पेटींत ठेविला होता. अशांत एका सहकाऱ्यानें आग्रहानें तेरास आपल्या घरीं नेलें. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें नोंदविलेलें 'तगर' तें हेंच. गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही शेतावर गेलों. गोवऱ्यांच्या आगटींत ज्वारीचीं कणसें भाजत होतीं. सहकाऱ्याच्या मातोश्री तीं तळहातावर चोळून कोंवळा, ऊन ऊन हुरडा माझ्या ओंजळींत घालीत. बरोबर तिळाची चटणी नि गूळ. शेजारपाजारची मंडळीही जमली. दुपारीं लिंबाखालीं गाढ झोंप! निघतांना त्या माउली म्हणाल्या, "गुरुजी, संक्रांतीला हिकडंच यायचं बरं." परतल्यावर मीं तो कागद बंबांत घातला.