तीन मुठींचा डबा

तीन मुठी! वीस लिटरच्या एका डब्याला शेजारीशेजारी तीन मुठी, आणि त्यातली एकही शोभेची नाही. मधली धरली की एकटा माणूस भरलेला डबा नीट तोल सांभाळून नेतो. दोघे असतील तर एकाने या कडेची मूठ धरावी, दुसऱ्याने त्या कडेची. माणसांची रांग लावून डबे हातोहात पुढे सरकवायचे असतील तर देणाऱ्याचा हात एका मुठीवर आणि घेणाऱ्याचा दुसरीवर. बोटांत बोटे अडकत नाहीत. आणि डबे रिकामे असतील तर दोन डबे एकमेकांना भिडवायचे, लगतच्या कडेच्या दोन्ही मुठी एकाच पंजात धरायच्या. दोन हातांत चार डबे! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

निमित्त अगदी साधे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामेभाऊ बागेत ग्रासकटर चालवतो. पंप लांब, त्यामुळे थोडे पेट्रोल घरी ठेवावे लागते, आणि ते ठेवले जात होते खाद्यतेलाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. पुण्याला परतल्यावर पत्र्याचा चांगला डबा शोधत मी जुन्या बाजारात गेले. तिथे लष्करी सामानाच्या ढिगात हिरव्या रंगाचे जेरीकॅन रचून ठेवले होते. मी एक उचलायला वाकले, तर दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, तसं नाही, असं धरा,’’ आणि त्याने एका हातात दोन डबे उचलून दाखवले. तिथून मी या डब्याच्या मागेच लागले.

हा डबा १९३७ सालचा आहे, म्हणजे त्याची मूळ घडण. जर्मनीतल्या श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्यातले मुख्य अभियंता विन्झेन्झ ग्र्युनफोगेल यांनी तो जर्मन सैन्यासाठी बनवला. आज इतकी वर्षे झाली, तरी अनेक देशांची सैन्ये जवळपास तोच डबा वापरतात. तो जवळ घेऊन बघावा म्हणजे त्याचे कारण कळते. पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून काढलेले, आणि मध्ये सगळीकडून फिरणारा एकच वेल्डिंगचा जोड. तोही खोबणीत आत घेतलेला, म्हणजे डबा कशावर आपटला, घासला तरी मार जोडावर बसत नाही. दोन्ही अंगांवर फुलीसारखा खोल ठसा असतो. मला आधी ती नक्षी वाटली होती! पण त्या फुलीने पातळ पत्र्याला ताठपणा येतो, आणि उन्हात आतली वाफ फुगली की पत्रा तिथे थोडा बाहेर येऊन ताण सोसतो. जोडाला तो सोसावा लागत नाही.

मुठींच्या मागे वर एक उंचवटा आहे. डब्यात नेमके वीस लिटर भरले तरी त्या उंचवट्यात हवाच राहते. पेट्रोल तापले की चांगलेच फुगते. तापमान दहा अंशांनी वाढले तर वीस लिटरमागे जवळजवळ पाव लिटर जागा जास्त लागते. ती जागा डब्याने आधीच राखून ठेवलेली आहे. त्याच हवेमुळे भरलेला डबा पाण्यात टाकला तर तरंगतो. आणि याच्याही पुढची गंमत म्हणजे तोंडातून त्या हवेपर्यंत एक बारीक नळी गेलेली असते. ओतताना पेट्रोल बाहेर येते, तशी हवा त्या नळीने आत जाते. गचके खात, भसाभसा सांडत ओतणे नाही. एकसारखी धार!

झाकणाला आटे नाहीत. एक तरफ दाबली की झाकण रबरी वायसरवर घट्ट आवळले जाते आणि उघडले तरी डब्यालाच लटकून राहते; हरवायचे कारणच नाही. पाना लागत नाही, नरसाळे लागत नाही. हातमोजे घातलेला किंवा थंडीने बोटे बधिर झालेला माणूसही ते उघडू शकतो.

हे सारे किती मोलाचे आहे ते दुसऱ्या बाजूकडे पाहिले की कळते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पेट्रोल नेत होते ते चार गॅलनच्या पातळ चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून. आपल्याकडे घासलेटचे जे डबे येत, ज्यांना वर आडवी दांडी ठोकून घरोघरी पाणी भरले जायचे, त्याच घराण्यातले ते डबे. पाण्याला ठीक होते. पण खडबडीत वाटेवर ट्रकमध्ये त्यांचे जोड उसवत, कोपरे फुटत, आणि पेट्रोल वाळूत जाई. तिथले सेनापती ऑकिनलेक यांच्या अंदाजाने वाटेत जवळजवळ तीस टक्के इंधन वाया जात होते. शंभर लिटर निघाले तर सत्तर पोहोचणार, आणि तेही ट्रकभर वाफ पसरवत. आपल्या मराठा पलटणीही त्याच वाळवंटात लढत होत्या, हे आठवले की मला तो आकडा नुसता आकडा वाटत नाही. ब्रिटिश सैनिकांना जर्मनांचे डबे हाती लागले, तेव्हा त्यांनी ते लगेच आपलेसे केले. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, त्यावरून डब्याला नाव पडले. मग ब्रिटनने हुबेहूब तसाच डबा स्वतः बनवायला घेतला.

आणि या डब्याच्या गोष्टीत भारतही आहे! पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये बर्लिनमध्ये काम करत होता. एका जर्मन सहकाऱ्याबरोबर त्याने मोटारीने थेट भारतापर्यंत यायचे ठरवले. वाटेत पाणी ठेवायला काही नव्हते, म्हणून त्या सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळाच्या साठ्यातले तीन डबे उचलून आणले. जर्मन सहकाऱ्याला वाटेतच माघारी बोलावले गेले, पण जाण्याआधी त्याने डबा कसा बनवतात ते प्लाइसला सांगून ठेवले. प्लाइस कलकत्त्याला पोहोचला, मोटार तिथे ठेवून अमेरिकेला परतला. पुढे मोटार आणि तिच्यातले डबे अमेरिकेत गेले, त्यातला एक वॉशिंग्टनला पाठवला गेला, आणि तिथल्या युद्धखात्याने तो बाजूला सारला! पहिल्या महायुद्धातला, पाना आणि नरसाळे लागणारा दहा गॅलनचा डबा त्यांना पुरेसा वाटत होता. पुढे त्यांनीही जेरीकॅनची घडण घेतली, पण वेल्डिंगऐवजी दुमडलेला जोड आणि आट्यांचे झाकण बसवून. तरीही नोव्हेंबर १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कबूल केले, की हे डबे नसते तर आपली फौज फ्रान्समधून इतक्या वेगाने पुढे सरकू शकली नसती. रणगाड्यांना नव्हे, डब्याला श्रेय! मला हे वाचून फार आनंद झाला.

आता घरासाठी डबा निवडण्याकडे येते, कारण तिथेही ही घडण चपखल बसते. आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते; भांडे घट्ट बुचाचे हवे, आणि धातूचे असेल तर एक भांडे पंचवीस लिटरपेक्षा मोठे नको. काच किंवा चिनी मातीचे असेल तर एकाच लिटरचे. तेलाचा जुना प्लास्टिक कॅन यात कुठेच बसत नाही. वीस लिटरचा जेरीकॅन बसतो. भरल्यावर त्याचे वजन वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून ज्यांना उचलणे अवघड असेल त्यांनी याच घडणीचा दहा किंवा पाच लिटरचा घ्यावा. मामेभावासाठी मी दहाचा घेतला.

जुना डबा घेत असाल तर तपासणीत घाई करू नका. इथे मी हट्टी आहे. झाकण उघडून टॉर्चने आत पाहा. आतला लेप सुटलेला, तांबूस खपल्या तळाशी पडलेल्या दिसल्या तर डबा ठेवून द्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, आणि तळाशी पाणी साचले की गंज तिथूनच सुरू होतो. वायसर बोटाने दाबा. तो कडक झाला असेल, चिरला असेल, तर नवा मिळतो का ते आधी विचारा. जोडाच्या खोबणीवरून बोट फिरवा. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर उलटा ठेवा, आणि मग अगदी कोरडा होईपर्यंत वाळवा. गळका निघाला तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या डब्यात पेट्रोलची वाफ उरलेली असते, आणि भरलेल्या डब्यापेक्षा ती जास्त घातक.

त्या वाफेचा स्वभाव सगळ्या घराला माहीत असावा. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून वर उडून न जाता जमिनीलगत सरकते. डबा जिन्याखाली आणि समई देवघरात, तरी वाफ तिथपर्यंत पोहोचू शकते. म्हणून जागा घराबाहेरची, सावलीची, वारा खेळणारी. चूल, गिझर, इन्व्हर्टर यांपासून दूर.

पंपावर डबा गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा, आणि भरताना पंपाच्या नळीचे तोंड डब्याच्या तोंडाला टेकलेले राहू द्या. वाहत्या पेट्रोलने साठणारी स्थिर वीज धातूतून निघून जाते, ठिणगी पडत नाही. हा धातूचा मोठा गुण! ग्रासकटरमध्ये ओतायचे ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच. आणि त्यासाठी वेगळी जोडनळी मिळते, तीही झाकणासारख्याच तरफेने बसते. ती आणायला जाताना डबा बरोबर न्या, कारण आट्यांच्या झाकणाच्या डब्याला ही नळी लागत नाही.